मेलेल्या यंत्राला हात कुणी लावायचा?

प्रचारगाडीवरचे गमतीदार अनुभव लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. गमती पुष्कळ आहेत. एकदा कुटुंबनियोजनाच्या चित्रपटाचं रीळ उलटं लागलं आणि पडद्यावरचं मूल आईच्या मांडीवरून उठून पाठमोरं चालत घराबाहेर गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खात्याला एवढा परिणामकारक प्रचार पुन्हा कधी जमला नाही. अशा गोष्टी मी लग्नाकार्यात सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण लिहायला बसल्यावर एकच गोष्ट पुढे येते आणि ती आली की अजून कानशिलं तापतात. तेव्हा संपादकांनी माफ करावं.

मी उस्मानाबाद जिल्ह्यात सरकारी प्रसिद्धीच्या गाडीवर निवेदक होतो. धाराशिव हे नाव तेव्हा फक्त म्हातारी माणसं घेत. एक जुनी निळी गाडी, तिच्या टपावर दोन कर्णे, आत बॅटऱ्या, अँप्लिफायर, एक प्रोजेक्टर, आणि चालक मौलाभाई. माझं काम म्हणजे सरकारला जे सांगायचं असेल ते लोकांना ओरडून सांगायचं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीची कामं कुठं निघाली ते सांगितलं, मग देवीच्या लशीचं सांगितलं, मग गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या त्यांचं सांगितलं. माझा घसा सरकारी मालमत्ता आहे असं मौलाभाई म्हणायचे आणि खडीसाखर पुढे करायचे.

कर्ण्यावर बोलणं सोपं वाटतं, पण ती एक विद्या आहे. वाऱ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. मान डोलवायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाक्याचं शेपूट वारा खातो हे कायम लक्षात ठेवायचं. आपल्या मराठीची गंमत अशी की ‘नाही’ हा शब्द नेमका शेपटाला येतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावात ‘लस टोचल्यावर हात सुजत नाही’ असं घसा ताणून सांगितलं. डोंगरापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं ते ‘लस टोचल्यावर हात सुजत’. वस्ती रिकामी झाली. लस टोचणाऱ्या बाई दोन मैल पळणाऱ्या माणसांच्या मागे चालल्या होत्या. तेव्हापासून मी कर्ण्यावर ‘नाही’ वापरणं सोडलं. जे सांगायचं ते होकारात, आखूड, आणि शेवटचा शब्द ठोसर. या कसबाचा मला फार अभिमान होता. साहेबांकडून परिपत्रक आलं की मी ते गाडीत बसून गावाच्या बोलीत फिरवून घ्यायचो. ‘अमुकने कळविले आहे की’ ऐकायला कुणी थांबत नाही.

एकोणऐंशी सालच्या जुलै महिन्यात स्कायलॅबचं परिपत्रक आलं. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल. अमेरिकेनं आभाळात सोडलेली एक प्रयोगशाळा होती, घराएवढी मोठी. तिच्यातली माणसं कधीच परत आली होती आणि ती रिकामी फिरत फिरत खाली येत होती. कुठं पडणार ते सोडणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. रेडिओवर रोज तेच. परिपत्रकात तिला ‘भग्नावशेष’ म्हटलं होतं आणि जनतेनं घाबरून जाऊ नये असं सुचवलं होतं. म्हणजे पुन्हा शेवटी ‘नये’.

लोक मात्र व्यवस्थित घाबरले होते. उमरग्याच्या बाजारात एका म्हातारीनं मला गाडीच्या खिडकीतून विचारलं, “लेकरा, त्ये पडायच्या आदी कोंबडा खाऊ का पडल्यावर?”

“आजी, कोंबड्याला कशाला खाता?”

“माज्या माघारी त्येला कोन सांभाळंल?” ती म्हणाली. प्रश्न बिनतोड होता.

लोहाऱ्यात एकजण गाडी त्याच्या दारात उभी करा म्हणून हातापाया पडू लागला. “सरकारी मालावर सरकारी माल कसा पडंल?” असा त्याचा हिशेब. अमेरिकेचं सरकार वेगळं आणि आपलं वेगळं, हे त्याला मान्य नव्हतं. सरकार म्हणजे सरकार.

मी ‘घाबरू नका’ सोडून दुसरं वाक्य शोधत होतो. ते मला लोकांनीच दिलं. त्याच बाजारात एक म्हातारा शेतकरी, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सारखा करत, म्हणाला, “तेवडं सांगा, जित्तं हाय का मेलेलं?”

“मेलेलं,” मी म्हणालो. “आत माणूस नाही, इंजन नाही. मेलंय ते.”

“मेलेलं हाय व्हय!” म्हातारा भोवतालच्यांकडे वळला. “मंग काय करतंय? मेलेलं कुटं चावतंय?”

घोळक्यातून हसू फुटलं. कित्येक दिवसांनी लोक त्या यंत्राला हसत होते. मी लगेच माइक हातात घेतला आणि ‘मेलंय ते! वर मेलंय, खाली येतंय, समुद्रात पडतंय!’ असं सुरू केलं. काय वाक्य होतं! कुठंही ‘नाही’ नाही, वाऱ्यानं शेपूट खाल्लं तरी अर्थ शाबूत. गावागावात पोरं गाडीमागे ‘मेलंय ते, मेलंय ते’ करत पळायची. साहेबांनी बोलावून शाबासकी दिली. तो आठवडा मी हवेत होतो, खोटं कशाला सांगू.

आणि ते खरोखरच समुद्रात पडलं, थोडं ऑस्ट्रेलियात. आमचा विषय संपला.

मग काही दिवसांनी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात आभाळातून पेटी पडली.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आजही ओळखीची आहेत. तहसीलमधून निरोप आला की स्कायलॅबचा एक तुकडा वाट चुकून मागाहून आलाय अशी अफवा आहे, गाव शिवारात जाईना, गाडी पाठवा. पुढे कळलं की तो कसला तुकडा नव्हताच. हैदराबादेकडे शास्त्रज्ञ मोठाले फुगे सोडायचे, त्याला उपकरणांची पेटी टांगलेली असायची. फुगा फुटला की पेटी हवाई छत्रीला लटकून खाली येई. वारा फिरला तर आमच्या जिल्ह्यात. पण त्या दिवशी हे मला ठाऊक नव्हतं आणि गावाला तर नव्हतंच.

गावात शिरलो तर सरपंचांनी वाड्यावर नेऊन चहा दिला. त्यांना सगळे आप्पा म्हणत. वागायला अदबशीर, धोतर स्वच्छ. दूध सोसायटीचे अध्यक्षही तेच. पेटी त्यांच्याच शेतात पडली होती.

“सायेब, तुमी म्हनलात मेलंय,” आप्पा म्हणाले. “आमी मानलं. भ्याव गेलं गावाचं. आता मेलेलं हाय तर उचलाया नगं का? तीन दिस झालं, बैल त्या पट्टीत पाय ठिवंना.”

“मग उचला की.”

“आमी?” आप्पांना खरंच नवल वाटलं. “मेलेल्याचं काम गावात कुनाकडं आसतं ते तुमास्नी काय सांगायचं. निरोप धाडला वस्तीत. त्ये न्हाय म्हनत्यात. छप्पन साली सोडलं म्हनं.”

“त्यांनी सोडलंच आहे.”

“सोडूं द्या की. आमी कुटं जबरदस्ती करतो? फकस्त त्येंचं दूध सोसायटीत घेईना झालोय. सोसायटी आमची, दूध त्येंचं. त्येंची मर्जी, आमची मर्जी.” हे बोलताना त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गावात ढोर मेलं की ते ओढून नेणं हे पूर्वी महारांचं काम होतं. मजुरी नव्हे, जन्माला चिकटलेलं काम. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या माणसांनी ते सोडलं. होय, आमच्या. माझे वडील सटवा, लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांनी ओढायचा दोर विहिरीत टाकला तो दिवस मला आठवतो, कारण त्यानंतर गावानं आमच्या घराला कामच दिलं नाही. आई अंबाडीच्या भाजीवर दिवस काढायची आणि वर म्हणायची, भाजी आपली आहे. दूध बंद करणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण आप्पांना मी कोण ते माहीत नव्हतं. आमच्या शाळेच्या गुरुजींनी माझं आडनाव गावावरून लावलं होतं. त्या आडनावानं जात कळत नसे. कचेरीत कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी कुणाशी खोटं बोललो नाही. गप्प बसलो एवढंच, आणि गप्प बसण्याची चांगली सवय झाली होती. सरपंचाच्या वाड्यावर कपबशीतून चहा मिळत होता. त्या कपबशीची लाज मला त्या वाड्यावर प्रथम वाटली, तरी चहा मी पूर्ण प्यालो.

आम्ही शेतात गेलो. बांधाच्या या अंगाला गाव उभं होतं, पलीकडे बाभळीखाली वस्तीची माणसं. मधे काळ्या रानात ती पेटी. अॅल्युमिनियमची, धान्याच्या डब्याएवढी, तारा लोंबत असलेली, आणि तिच्या भोवती पांढऱ्या कापडाची छत्री चिखलात पसरलेली. खरं सांगायचं तर मलाही थोडी भीती वाटली.

बाभळीखालून एक म्हातारे पुढे आले. उंच, वाळलेले, अंगात पांढरा सदरा. त्यांना सगळे किसनतात्या म्हणत होते.

“सायेब,” ते म्हणाले, “तुमी सरकारचं हाव म्हनून सांगतो. ह्यो पत्रा काय वज्याचा न्हाय, आमची येकली बाई उचलंल. पर आज पत्रा उचलला की उद्या बैल हाय. हात लागला की लागला. तेवीस वर्सं लागू दिला न्हाय.”

“तात्या, दुधाचं काय करताय?”

“उकळतो आन् पितो. पोरं जाड हुतील.” ते हसले. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, “कुटलं म्हनायचं सायेब?”

“लोहाऱ्याकडचा.”

“आस्सं.” एवढं बोलून ते मागे बाभळीखाली गेले.

मौलाभाई माझ्या कानाशी आले. “रस्सी है ना गाडी में. बांध के खेंच लेंगे. तुमे हात कायकू लगाते?” मग म्हणाले, “नै तो दो घंटे ठैरो, पुलिस आती.”

दोन्ही तोडगे चांगले होते. दोन्हीपैकी कोणताही केला असता तर ही गोष्ट गमतीत जमा झाली असती. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. घोळ माझ्या शब्दानं झाला, तो माझ्या हातानं निस्तरावा. मी सरकारी माणूस, परगावचा, मला इथं जात नाही. मी उचललं तर सरकारनं उचललं, ना गावाची हार ना वस्तीची. किती साधं! आणि आणखी एक होतं, तेही लिहितो. आठवडाभर ‘मेलंय ते’ म्हणून ओरडलो होतो. मला सगळ्यांदेखत दाखवायचं होतं की बघा, मी म्हणत होतो ते खरं आहे, याला हात लावता येतो. लोकांपुढं उभं राहून राहून माणसाला असली हौस जडते.

मी चपला काढल्या आणि रानात उतरलो. पेटीपाशी वाकलो.

“वामनराव, नक्को!” मौलाभाई मागून ओरडले.

तोवर मी ती उचलली होती. खरंच हलकी होती. आत बहुतेक थर्माकोल असावा. मी ती पोटाशी धरून वळलो आणि गावाकडे बघून हसलोसुद्धा.

गाव हसलं नाही. किसनतात्या बाभळीखालून चार पावलं पुढे आले होते. “वामन?” ते म्हणाले. “लोहाऱ्याकडचा वामन? सटवाचा ल्योक?”

सटवा त्यांचे साडूभाऊ लागत, हे मला नंतर कळलं. लहानपणी त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. नाव आणि गाव एकत्र कानावर पडलं आणि त्यांना ओळख पटली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आनंद होता. पुतण्या भेटल्यावर माणूस जसा हाक मारील तशी ती हाक होती. माझ्या हातातल्या पेटीकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा तो आनंद मावळला.

आप्पांनीही ती हाक ऐकली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला.

“आसं व्हय!” ते म्हणाले. “मंग बरूबर हाय.”

‘मंग बरूबर हाय.’ या तीन शब्दांत द्वेष नव्हता. कोडं सुटल्याचं समाधान होतं. गाव सैल पडलं. कुणी तंबाखू काढली. ज्याचं काम त्यानं केलं, जगाची घडी जागेवर बसली. आप्पांनी तिथूनच सोसायटीच्या माणसाला सांगितलं की सांजच्याला वस्तीचं दूध घ्या. मग मला म्हणाले, “त्ये तेवडं गाडीत ठिवा आन् हात धुवून घ्या. पानी वततील.” त्यांनी ‘साहेब’ म्हटलं नाही. वरून पाणी ओततील म्हणाले. सकाळी तांब्या हातात दिला होता.

पेटी टाकून द्यावी असं मनात आलं. पण टाकून काय होणार होतं? चिखलातून चालत जाऊन मी ती गाडीत ठेवली. बाभळीकडे बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर मौलाभाई गिअर बदलताना म्हणाले, “मेरे कू कब का मालूम था. तुम नै बोले, तो मैं बी नै बोला.” त्यांना माझ्याबद्दल जे वर्षानुवर्षं ठाऊक होतं ते लपवण्यात मी केवढी शक्ती घालवली होती!

पेटी न्यायला हैदराबादेहून जीप आली. दोन तरुण शास्त्रज्ञ उतरले आणि पेटी शाबूत बघून त्यांना इतका हर्ष झाला की एकानं ती छातीशी धरली. गावाला वाटलेली भीती त्यांना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. कचेरीही हसली. मी हसणाऱ्यांत होतो.

हल्ली माझी नात मला पेपरातलं वाचून दाखवते. आभाळात म्हणे आता मेलेली यंत्रं हजारोंनी फिरताहेत. एकमेकांवर आपटतात, त्यांचे तुकडे होतात, ते तुकडे आणखी तुकडे करतात. जाळी टाकून धरू, ओढून समुद्रात बुडवू, पुढे जो सोडील त्यानं परत आणायचीही सोय करावी, असं जाणती माणसं सांगतात. कायदा असा आहे की ज्या देशानं यंत्र सोडलं ते मेल्यावरही त्याचंच. दुसऱ्याला परस्पर हातही लावता येत नाही. तरी ओढायला कुणी पुढं येत नाही, कारण सोडताना बँड वाजतो, ओढताना कोण वाजवणार? नात विचारते, आजोबा, एवढी शिकलेली माणसं, त्यांना आपला कचरा उचलायचं का कळत नाही? मी तिला चष्मा पुसायला देतो.

पुन्हा त्या वर्षाच्या गोष्टीकडे वळतो. पावसाळा संपत आला असेल. दुपारची कचेरी, सगळे टेबलांवर, साहेब दारातच कुणाशी बोलत उभे. एक माणूस टोपी हातात घेऊन आत आला. आप्पांचा गडी, सदा. मला बघून त्याला हायसं वाटलं.

“आप्पांनी धाडलं,” तो म्हणाला. “बैल मेलाय. तुमास्नी बोलीवलंय.”

मला आधी कळलंच नाही. “मला कशाला?”

“वडाया. वस्ती न्हायच म्हनती. आप्पा म्हनले, त्यो भोंग्यावाला यील, मागं बी आला व्हता. गाडी घिऊन या म्हनलेत, लांब टाकाया बरं पडंल.” तो अगदी सरळ सांगत होता. एसटीनं एवढ्या लांब आल्याचा शीण त्याच्या तोंडावर होता.

टंकलेखन यंत्राचा आवाज थांबला. साहेबांनी अर्धवट ऐकलं असावं. ते सज्जन गृहस्थ, परगावचे, कुणाला टाकून बोलायचे नाहीत. म्हणाले, “जाऊन या ना वामनराव. गाडी आज मोकळीच आहे. तुम्हाला तिथलं माहीत आहे.”

त्यांच्या मनात काही नव्हतं. एखादी फाइल पोचवून या म्हणावं तसं ते म्हणाले. त्यांनाही एका क्षणात ते रास्त वाटलं होतं.

“मी जाणार नाही,” मी म्हणालो. वाऱ्यानं खाऊ नये म्हणून शेवटचा शब्द जरा मोठ्यानंच निघाला. “ते काम आम्ही सोडलंय. माझ्या वडिलांनी सोडलंय.”

कचेरीत सगळ्यांना एकदम खूप काम निघालं. साहेब लालेलाल झाले, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून खोलीत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी इतक्या सांभाळून बोलू लागले की जुने साहेब परत मिळावेत असं वाटे. पण ते पुढचं. तेव्हा फक्त सदा समोर उभा होता. तो गोंधळला होता. त्याला टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळत नव्हतं.

“सोडलंय म्हनता,” तो म्हणाला, “मंग त्या दिशी कशापायी उचललं वो?”

निम्म्या जिल्ह्याला मी उत्तरं देत फिरलो होतो. सदा टोपी घालून निघाला. दारातून वळून म्हणाला, “वस्तीचं दूध पुन्यांदा बंद झालंय. तुमच्या कानावर आसावं म्हनून.”

रविवारी मी एसटीनं त्या गावाला गेलो. गाडी नव्हती, कर्णा नव्हता. फाट्यापासून चालताना वाटत होतं, वस्तीत शिरलो की बाया तोंड फिरवतील आणि फिरवलं तर बरं होईल. वस्तीच्या कडेला धूर दिसला. तिथं चुलाण बांधलं होतं, वर मोठी कढई, आणि किसनतात्या कढईतलं दूध हलवत बसले होते. खव्याची भट्टी. त्या मुलखात खव्याच्या भट्ट्या कमी नाहीत, पण वस्तीत भट्टी लागल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. चार घरांचं दूध एका कढईत होतं.

“ये,” तात्या म्हणाले. “बस.”

मी बसलो. माफी मागायची म्हणून सगळी वाक्यं वाटेत जुळवली होती. ती सोडून मी विचारलं, “बैलाचं काय झालं?”

“पडला व्हता दोन दिस. वास सुटला तवा आप्पानं आपल्याच दुसऱ्या जोडीनं वडला. सोता. रान त्येचंच, बैल त्येचाच.” तात्यांनी कढईच्या काठावरची साय खरवडून आत ढकलली. “खवा बाजारात जातुया. कुनी इचारत न्हाय कुनाच्या दुदाचा हाय म्हनून. इचारलं तर सांगू.”

“तात्या, माझ्यामुळं...”

“राग न्हाय रं पोरा.” ते कढईकडेच बघत होते. “तू वाकलास तवा आमी समदी तुज्या मागं हुबी व्हतो. बाया, पोरं, म्हातारी कोतारी, समदी. दूध बंद झालं तरी हाललो नव्हतो. तुला वाटलं, तू येकलाच हाईस. येकदा मागं वळून बघायचं व्हतंस.”

डोळ्यांत धूर गेला असं मी म्हणू शकलो असतो, पण तात्यांनी विचारलंच नाही. त्यांनी हातातलं लांब उलथनं माझ्यापुढे धरलं. मी धरलं. दूध घट्ट होत आलं होतं, हाताला जड लागत होतं.

“हलवत ऱ्हा,” तात्या म्हणाले. “थांबलास की करपंल.”